पिवळी रात्र: सोडियम दिव्याचा इतिहास आणि त्याचे चाहते

२०१५ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे उतरवून तेथे पांढरे एलईडी लावले गेले आणि ‘क्वीन्स नेकलेस’चे सोने हरपल्याची तक्रार सुरू झाली. राजकीय पक्षांत वाद झडला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुढे पिवळसर छटेचे एलईडी लावून त्यावर तोड काढण्यात आली. विजेची बचत कोणालाच अमान्य नव्हती; भांडण होते ते रंगाचे. गंमत अशी, की हा रस्ता १९३० ते १९४०च्या दशकांत घडला, तर त्याला सोनेरी करणाऱ्या दिव्याचा प्रकार बाजारात आला १९६५ साली. परंपरा म्हणून ज्याची बाजू मांडली गेली, तो रंग रस्त्यापेक्षा बराच तरुण होता.

सोडियमच्या उजेडाची पहिली पायरी नेदरलँड्समध्ये आहे. १९३२ साली फिलिप्सने बेक आणि खेलेन या गावांमधल्या रस्त्यावर सोडियमचे दिवे लावले. ते कमी दाबाचे होते. त्यांचा जवळजवळ सगळा उजेड ५८९ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीभोवती एकवटलेला, म्हणजे शुद्ध पिवळा. वीज कमी लागे आणि धुक्यातही रस्ता दिसे; पण त्या उजेडात रंग उरतच नसत. लाल मोटार काळपट दिसे आणि माणसांचे चेहरे आजारी.

उपाय तत्त्वतः ठाऊक होता. सोडियमच्या वाफेचा दाब वाढवला, तर ती एकच रेषा दोन्ही बाजूंना पसरते आणि उजेडात इतर रंगही उतरतात. अडचण होती ती भांड्याची. एवढी तप्त सोडियमची वाफ काचेला खाते, क्वार्ट्झलाही सोडत नाही. जवळपास पंचवीस वर्षे हा प्रश्न दिवे बनवणाऱ्यांना सुटला नाही. सुटला तो मातीकामाच्या विद्येने.

अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल हे सिरॅमिकचे अभ्यासक ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी भट्टीत तापवून घट्ट करण्याचा अभ्यास करत होते. एरवी असे भांडे पांढरे आणि अपारदर्शक निघते, कारण त्याच्या कणांमध्ये हवेची सूक्ष्म छिद्रे अडकून राहतात आणि उजेड विखुरतो. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोबल यांनी दाखवून दिले, की भुकटीत मॅग्नेशियम ऑक्साइड अगदी किंचित मिसळले, तर कणांची बेसुमार वाढ रोखली जाते, छिद्रांना बाहेर पडायला वाट मिळते आणि उजेड आरपार जाऊ देणारे भांडे तयार होते. त्याला ‘ल्युकालॉक्स’ हे नाव मिळाले. क्लीव्हलंडच्या नेला पार्क येथे कर्ट श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाच्या नळीत सोडियम कोंडले. १९६२ साली दिवा जाहीर झाला, तीन वर्षांनी विक्रीला आला. पाऱ्याचा दिवा एका वॉटमागे साधारण पन्नास ल्युमेन देत असे. हा शंभरच्या पुढे गेला. १९७३च्या तेलसंकटानंतर नगरपालिकांना आणखी समजावण्याची गरज उरली नाही.

या दिव्याच्या वर्णपटात एक विलक्षण गोष्ट आहे, आणि चाहत्यांचे सगळ्यात जास्त प्रेम तिच्यावरच असावे. नळीच्या मध्यभागी वाफ अतितप्त असते, भिंतीलगत त्यामानाने थंड. मध्यातून निघालेला ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश ही बाहेरची थंड वाफ गिळून टाकते. त्यामुळे ज्या रंगासाठी सोडियम प्रसिद्ध, नेमक्या त्याच जागी वर्णपटात काळी पट्टी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात योसेफ फ्राउनहोफर यांनी सूर्यप्रकाशात ज्या काळ्या रेषा टिपल्या, त्यांतली ‘डी’ रेषा याच कारणाने उमटते. नाक्यावरचा खांब रोज रात्री सूर्याचीच खूण घडवत असे, आणि खालून जाणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसे.

दिवा पेटण्याचा सोहळाही चाहत्यांना तोंडपाठ असतो. इग्नायटर काही हजार व्होल्टचा झटका देतो आणि आत फिकट निळसर-पांढरा उजेड चमकतो. तो झेनॉन आणि पाऱ्याचा. मग सोडियमची वाफ होऊ लागली, की रंग एकदम गडद पिवळा होतो आणि दाब चढेल तसा काही मिनिटांत गुलाबीची झाक असलेल्या सोनेरी उजेडावर स्थिरावतो. चोकची गुणगुण सतत सोबतीला. म्हातारा दिवा मधूनच विझतो आणि थंडावल्यावर पुन्हा लागतो, कारण नळीतले सोडियम घटत जाते, दिव्याला लागणारा दाब वाढतो आणि शेवटी वीज तो पुरवू शकत नाही. आपण खालून गेलो की दिवा विझतो, असा समज अनेक देशांत होता. त्यामागे बहुधा ही म्हातारी नळीच असावी.

आपल्या काळात मात्र या उजेडाचे कौतुक फारसे कोणी केले नाही. रंग ओळखू येण्याच्या शंभराच्या मोजपट्टीवर त्याला वीस-पंचवीसच गुण मिळत. ती तक्रार रास्तच होती. एलईडी आले तेव्हा बदलाचा वेगही तसाच राहिला. लॉस एंजेलिसने २००९ ते २०१३ या काळात सुमारे १,४०,००० दिवे बदलले. मायकेल मान यांच्या २००४च्या ‘कोलॅटरल’ या चित्रपटात डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली त्या शहराची रात्र आज तेथे पुन्हा चित्रित करता येणार नाही. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमाखाली एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले.

हा बदल चुकीचा होता असे म्हणणे अतिरेकी ठरेल. तरी २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने रस्त्यांवरच्या प्रखर निळसर-पांढऱ्या एलईडीबाबत इशारा दिला आणि ३००० केल्विन किंवा त्याहून उबदार उजेड वापरावा असे सुचवले. सोडियमचा उजेड २१०० केल्विनच्या आसपास होता; त्या गुणासाठी त्याला कोणी श्रेय दिले नव्हते.

आता संग्राहक उतरवलेले दिवे, काचेची झाकणे, चोक जमवतात. जपण्याची अडचण अशी, की खांब संग्रहालयात ठेवता येतो, उजेड ठेवता येत नाही. दिवा लावावा तर प्रत्येक तासाला सोडियम घटते. न लावावा तर कपाटात उरते नुसते काचपात्र. म्हणून अनेक संग्राहक तो काही मिनिटेच लावतात, रंग स्थिरावू देतात आणि साध्या वर्णपटदर्शकातून छायाचित्र टिपतात. पिवळसर एलईडीच्या छायाचित्रात हिरव्यापासून लालपर्यंत सलग पट्टा येतो. सोडियमच्या छायाचित्रात पिवळ्याच्या ऐन मध्यावर ती काळी रेघ असते.