रुग्णालयीन अपशिष्ट-व्यवस्थापन
रोगनिदान, शस्त्रक्रिया व उपचार यांतून निर्माण होणाऱ्या टाकाऊ पदार्थांची सुरक्षित विल्हेवाट. या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के भाग घरगुती कचऱ्यासारखाच असतो. उरलेला सुमारे १५ टक्के संसर्गजन्य, विषारी वा अन्यथा धोकादायक असतो. भारतात पूर्वी हे दोन्ही भाग बहुधा एकत्रच नगरपालिकेच्या कचराकुंडीत जात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ५० वा अधिक खाटांच्या रुग्णालयांसाठी दाहक भट्टी किंवा तितकीच परिणामकारक पर्यायी सोय करण्याचा आदेश दिला. १९९८ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये देशव्यापी नियम झाले. तथापि क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळल्याने डायॉक्सिने ही विषारी द्रव्ये निर्माण होतात, तर न जाळता व नष्ट न करता टाकलेल्या सुया पुन्हा वापरात येण्याचा धोका असतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात दूषित सुयांच्या पुनर्वापरामुळे बी-यकृतशोथाची प्राणघातक साथ उद्भवली. २०१६ च्या नियमांनी पिवळा, लाल, पांढरा व निळा असे चार रंगवर्ग ठरविले. सुया व पाती यांसाठी छिद्र न पडणारी पांढरी पेटी आवश्यक केली. संसर्गजन्य कचरा इतरात मिसळल्यास सर्वच कचरा धोकादायक मानावा लागतो. म्हणून सफाई कामगार व कचरा वेचणारे यांची सुरक्षितता रुग्णाच्या खाटेजवळ होणाऱ्या वर्गीकरणावर मुख्यतः अवलंबून असते.