कार्बन, छर्रे आणि नाना पेठेतले उस्ताद

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत स्कूटरचा एक भाग शोधत नाना पेठेत फिरत होतो. एका बोळातल्या पत्र्याच्या शेडमध्ये १९५०च्या दशकातली एमजीए ही दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी होती. बॉनेट उघडे, इंजिन साखळीला टांगलेले. शेडचे मालक सत्तरीचे चाचा हातात एक काळी कडी घेऊन बसले होते. मी विचारले, "चाचा, हे काय?" ते म्हणाले, "सर, ये क्लच का कार्बन है. गाडीवाल्याला हे काढून छर्र्याचं बेअरिंग पाहिजे."

त्या काळ्या कडीने माझी सगळी दुपार घेतली. इतिहास म्हटला की आपण तख्त, तलवार आणि तह यांच्याकडे वळतो. पण त्या कडीतही एक इतिहास आहे आणि तो आपल्याच मोहल्ल्यांतून जातो.

आधी तिचे काम समजून घेऊ. क्लचचे पेडल दाबले की आत एक फोर्क पुढे सरकतो. फोर्कवर बसवलेले रिलीज बेअरिंग क्लचच्या लिव्हरवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे हटते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. अडचण अशी की फोर्क फिरत नाही आणि लिव्हर मात्र इंजिनाबरोबर गरगर फिरत असतात. स्थिर आणि फिरती वस्तू एकमेकींना टेकणार, तर मध्ये घर्षण सोसणारे काहीतरी हवे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते काम ग्रॅफाइटची कडी करत असे. ग्रॅफाइट स्वतःच गुळगुळीत असते, त्याला ग्रीस लागत नाही. पण ते झिजते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल आणि आपण सिग्नलला एक मिनिट क्लच दाबून उभे राहिलो, तर त्या कडीवरून ८०० घासे जातात. पुण्यातले सिग्नल आठवा, म्हणजे हिशेब कळेल.

आता ही कडी पेठेत इतकी ओळखीची कशी? एमजीएमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सीरिज इंजिन होते, १४८९ सीसीचे. त्याच घराण्यातले इंजिन पुढे आपल्या अँबॅसॅडरला मिळाले. हिंदुस्थान मोटर्सने १९५७ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी बनवली आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत तयार होत राहिली. श्रीमंताची स्पोर्ट्स कार आणि सरकारी साहेबाची पांढरी अँबॅसॅडर आतून चुलत बहिणी होत्या. अँबॅसॅडरचा कार्बन बदलून ज्याचा हात बसला होता, त्याला एमजी परकी वाटली नाही.

याला राजकीय कारणही होते. १९५३ मध्ये सरकारने ठरवले की ज्यांना इथे गाड्यांचे खरे उत्पादन करायचे आहे, त्यांनीच राहावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. आधी आलेल्या गाड्या मात्र इथेच राहिल्या आणि त्यांचे सुटे भाग येईनासे झाले. त्या पुढची कित्येक वर्षे चालल्या, त्या मिस्त्रींच्या जोरावर. हे काम कुणी केले याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडत नाही.

नाव नसले तरी भाषेत खुणा आहेत. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून कान तिकडे जातो. 'उस्ताद' आणि 'शागिर्द' फारसीतून आले, 'औजार' अरबीतून. लेथला चाचा 'खराद' म्हणतात, त्याचेही मूळ अरबीत सांगतात. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. 'कार्बन' आणि 'फोर्क' इंग्रजी, 'छर्रे' आणि 'पाना' इथलेच. पाच-सहा भाषा एका शेडमध्ये सुखाने नांदतात आणि तिथे कुणी कुणाला तुझा शब्द परका आहे असे म्हणत नाही.

छर्र्यांच्या बेअरिंगचाही पुण्याशी संबंध आहे. स्वीडनमधल्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. गिरणीच्या शाफ्टची बेअरिंगे सारखी निकामी होत, म्हणून त्याने स्वतःच शाफ्टशी जुळवून घेणारे बॉल बेअरिंग शोधले आणि १९०७ मध्ये एसकेएफ कंपनी निघाली. पुढे तिचा कारखाना आपल्या चिंचवडला आला. चिंचवडला बेअरिंग बनते आणि नाना पेठेत ते विकले जाते. मधल्या वाटेवर कितीतरी घरांची चूल पेटते.

मग चाचांनी कार्बन काढून बेअरिंग बसवले का? लगेच नाही. ते म्हणाले, "नवं म्हणजे चांगलंच, असं नसतं. पहले समझो, जुनं तसं का होतं." फोर्क एका खिळीवर झुलतो, म्हणून कडी सरळ रेषेत पुढे जात नाही, थोडी कमानीत जाते. ग्रॅफाइट सपाट असते, ते थोडे इकडेतिकडे सरकले तरी चालते. छर्र्यांचे बेअरिंग तसेच फोर्कवर अडकवले तर लिव्हरवर ते बाजूला घासत राहते आणि कार्बनच्या आधी मरते. म्हणून त्याला सरळ चालवणारी नळी हवी. चाचांनी ती खरादवर काढली होती. नव्या बेअरिंगची उंची जुन्या कडीशी जुळवली, पेडल सोडल्यावर ते लिव्हरपासून सुटते की नाही ते पाहिले. शागिर्द पोरगा ते रॉकेलमध्ये धुवायला निघाला तेव्हा त्याला थांबवले, कारण सीलबंद बेअरिंगमधले ग्रीस रॉकेलने निघून जाते.

ही इंजिनिअरिंगची विद्याच आहे, फक्त तिला प्रमाणपत्र नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे असल्याचे नमूद आहे. आपण तो आकडा मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो आणि ते खरेही आहे. पण त्या आकड्यामागचे ज्ञान आपण मोजत नाही. आपल्या सभांमधून बाराव्या-तेराव्या शतकातल्या अल-जझारीच्या यंत्रांचा अभिमानाने उल्लेख होतो. शेजारच्या गल्लीतल्या उस्तादांचे नाव मात्र त्याच सभेत कुणाला माहीत नसते.

नाना पेठेपासून जवळच गंज पेठेत जोतीरावांचा वाडा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञानही शिकवावे असे सुचवले होते. हाताचे काम आणि अक्षर यांच्यात भिंत नको, हा त्यातला अर्थ मी घेतो. बीएड करून वर्गात उभा राहिलो तेव्हापासून मीही मुलांना सांगत आलो, "शिका, नाहीतर गॅरेजमध्ये जाल." आता हे वाक्य आठवले की लाज वाटते. म्हणायला हवे होते ते असे की शिका आणि मग गॅरेजमध्येही जा, पण तिथले ज्ञान लिहून ठेवा.

चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. विजेच्या गाड्यांत बहुधा क्लचच नसतो, म्हणजे हे काम तसेही आटत जाणार. ते टिकवता येईल की नाही, हे माझ्या हातात नाही. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली की नववीच्या मुलांना मी एक काम देणार आहे. आपापल्या घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका कारागिराकडे जायचे, त्याच्या औजारांची नावे, ती कुणाकडून शिकला आणि एक काम पायरीपायरीने कसे करतो, हे उर्दूत किंवा मराठीत लिहून आणायचे.

पहिली वही मी स्वतः सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: क्लचचा कार्बन.