दृष्टी आणि स्पर्श यांतील विसंगती : वस्तुरचनेतील आश्चर्याचा इतिहास

प्रस्तावना :
महाभारतातील मयसभेत दुर्योधन स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून वस्त्र सावरतो आणि पुढे पाण्यालाच भूमी समजून त्यात पडतो. डोळ्यांची ग्वाही स्पर्शाने खोटी ठरण्याचा हा अनुभव प्राचीन असला, तरी त्याची शास्त्रीय चिकित्सा आणि वस्तुरचनेतील हेतुपुरस्सर वापर आधुनिक काळातील आहे. प्रस्तुत लेखात युरोपातील या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

तत्त्वचिंतन व प्रयोग :
स्पर्शाने गोल व घन ओळखणाऱ्या जन्मांध व्यक्तीला दृष्टी लाभल्यास केवळ पाहून ती ते ओळखू शकेल काय, हा प्रश्न विल्यम मॉलिनो याने १६८८ मध्ये उपस्थित केला. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत त्याचे नकारार्थी उत्तर दिले. दृष्टी व स्पर्श यांचा संबंध अनुभवानेच जुळतो, असे बर्कलेने १७०९ मध्ये प्रतिपादन केले. म्हणजेच, वस्तू पाहून तिच्या स्पर्शाविषयी आपण बांधतो ते अनुमान असते. १८९१ मध्ये शार्पांतिए याने दाखविले की, समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला अधिक जड वाटते. वजने समान आहेत हे कळल्यावरही हा भास टिकून राहतो.

वस्तुरचनेतील वापर :
१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीत पिएरो जिलार्डी यांनी दगडगोट्यांसारखी दिसणारी आसने मऊ फोमची बनविली. याउलट, १९९६ मध्ये नेदरलँड्समधील मार्सेल वॉन्डर्स यांनी गाठी मारून विणलेली दोरीची खुर्ची इपॉक्सीत भिजवून व टांगून कडक केली. सैल भासणारे ते विणकाम माणसाचा भार पेलते. डेल्फ्ट येथील संशोधक खेके लुडेन यांनी २००८ च्या प्रबंधात अशा आश्चर्याचे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्यात वस्तू परिचित दिसते, पण स्पर्श अनपेक्षित निघतो. दुसऱ्यात वस्तू मुळातच अपरिचित दिसते व अनुमान डळमळीत राहते. सावंतवाडीची रंगविलेली लाकडी फळे पहिल्या प्रकारात मोडतात.

निष्कर्ष :
शार्पांतिएचा भास टिकतो. वस्तूविषयीचे आश्चर्य मात्र हाताला ओळख पटताच ओसरते. त्यामुळे अशा वस्तूचे मूल्य आश्चर्यानंतर स्पर्शातून काय हाती लागते, यावर ठरते. लाकूड समजून घेतलेली वस्तू प्लास्टिकची निघाल्यास ग्राहकाच्या पदरी फसवणूक येते. मयसभेत दुर्योधनाच्या वाट्याला उपहास आला. जिलार्डींच्या दगडावर बसणाऱ्याला मात्र विसावा लाभतो. आश्चर्य आणि वंचना यांतील सीमारेषा येथेच आखली जाते.