नेमाची परीक्षा

दिवाळीत मुलांसाठी टिकल्यांचे पिस्तूल घ्यायला जावे, तर दुकानदार एक टिकली वाजवून दाखवतो. आवाज झाला की सौदा झाला! खऱ्या बंदुकीचे मात्र एवढ्यावर भागत नाही. ती उडते हे खरे. पण गोळी जिथे धाडली तिथेच जाते का? या प्रश्नाला शास्त्राची कसोटी लावणाऱ्यांत ज्याचे नाव आधी घ्यावे, तो मुळात बंदूकवाला नव्हताच. तो होता मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ.

१८०३ साली स्टॉकपोर्टला जन्मलेल्या या गृहस्थाचे आयुष्य मोजमापात गेले. स्क्रूच्या आट्यांचे माप सर्वत्र एकच असावे, हा आग्रह त्याने १८४१ साली धरला आणि तो पुढे रूढही झाला. १८५४ साली क्रिमियाचे युद्ध चालू असताना इंग्रज सरकारने त्याला गाठले. एन्फील्ड रायफली झपाट्याने तयार करणारी यंत्रे हवी होती. व्हिटवर्थचे म्हणणे पडले, की उत्तम नळी कशी असते ते आधी ठरवू. यंत्रांचे मग पाहू.

सरकारने ते मानले. त्याच्या घराच्या आवारात ५०० वार लांबीची बंदिस्त पडवी सरकारी खर्चाने उभी राहिली. बंदिस्त अशासाठी, की चुकलेल्या नेमाचे खापर वाऱ्यावर फोडता येऊ नये. गंमत अशी, की पहिली पडवी वाऱ्यानेच पाडली! ती पुन्हा बांधून १८५५ साली प्रयोग सुरू झाले. गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. प्रत्येक पडद्यावरचे भोक म्हणजे गोळीने दिलेली जबानीच. ती किती झुकली, कुठे कलली, सारे त्यावरून वाचता येई.

एन्फील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आणि आतले पेच इतके सैल, की गोळीची एक गिरकी पुरी व्हायला ७८ इंच लागत. व्हिटवर्थने व्यास ०.४५१ इंचावर आणला, नळी आतून षट्कोनी केली आणि २० इंचांत एक गिरकी साधली. भोवरा जोरात फिरला की स्थिर उभा राहतो, तेच हे तत्त्व.

१८५७ च्या वसंतात हाइथ येथे दोन्ही बंदुकांचा सामना झाला. ५०० वारांवर एन्फील्डची गोळी सरासरी सव्वादोन फूट चुकली, व्हिटवर्थची जेमतेम साडेचार इंच. १,१०० वारांवर हेच आकडे आठ फूट आणि अडीच फुटांहून थोडे अधिक असे होते. १,४०० वारांवर तर एन्फील्डचा हिशेबच मांडता येईना.

त्याच वसंतात, २९ मार्चला, बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला होता. कारण याच एन्फील्डच्या काडतुसांवरची चरबी! बंदुकीचा नेम इंचाइंचाने मोजणाऱ्या सरकारला, ते काडतूस दाताने तोडणाऱ्या शिपायाचे मन मोजावेसे वाटले नाही.

सामना जिंकूनही व्हिटवर्थची बंदूक लष्कराने घेतली नाही. किंमत एन्फील्डच्या सुमारे चौपट, आणि अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचे. १८६० साली विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने टेकूवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची रेशमी दोरी ओढली, तेव्हा ४०० वारांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. टाळ्या पुष्कळ मिळाल्या; लष्कराने मात्र ती सरसकट स्वीकारली नाही.

गिऱ्हाईक भेटले ते अमेरिकेच्या यादवीत. दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे या रायफली होत्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचा सेनापती जॉन सेजविक, इतक्या दुरून हत्तीलाही गोळी लागायची नाही असे म्हणत सैनिकांना धीर देत होता. त्यानंतर काही क्षणांतच तो कोसळला. ती गोळी व्हिटवर्थचीच होती, असे बहुधा मानतात.

पुढे १८७१ साली इंग्रज लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली, तिची नळी जवळजवळ व्हिटवर्थच्याच मापाची होती. त्याचा हिशेब खरा ठरला, पण त्याचा माल तोवर मागे पडला होता. पडद्यावरचे भोक एवढेच सांगते, की गोळी कुठून गेली. शेवटचा पडदा ज्याच्या छातीचा असतो, त्याची जबानी मात्र कुठल्याच कागदावर उमटत नाही.