मोडीत निघालेल्या जहाजांची बाके

१/ वेळणेश्वरला किनाऱ्यामागच्या वाडीत परवा एक बाक पाहिले. मालाच्या पेट्यांखाली येणाऱ्या पॅलेटच्या फळ्या सुट्या करून, रंधा मारून, तेल पाजून केलेले. शेजारी किमतीची चिठ्ठी. एक गिऱ्हाईक पुटपुटले, "भंगाराचे एवढे पैसे?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराच मुंबईच्या गोदीतून जातो. (धागा)

२/ आधी घरचा दाखला. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावे, असा त्याचा आशय. (हा मजकूर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून सर्रास फिरवला जातो. महाराजांचे निधन १६८० चे; ग्रंथ त्यानंतरचा.) जीर्ण झाडालाही मोल होते, आणि ते ठरवताना मालकाची संमती लागत होती.

३/ आता मुंबई. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओक लाकडाची टंचाई भासू लागली आणि नौदलाने मुंबईच्या वाडिया कारागिरांकडे जहाजे मागितली. लाकूड साग. सागात नैसर्गिक तेल असते. तो सहजी कुजत नाही आणि ओकप्रमाणे लोखंडी खिळ्यांना खात नाही.

४/ जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. १८२१ मध्ये 'गँजेस' उतरली.

५/ शतक सरता सरता लोखंडी जहाजे आली नि लाकडी जहाजे मोडीत निघाली. लंडनच्या कॅसल नावाच्या जहाजे मोडणाऱ्या पेढीने इथे धंद्याची खरी मेख ओळखली. फळ्या जळणाच्या भावाने न विकता तिने त्यांची बागेतली बाके केली आणि त्यांवर मूळ जहाजाच्या नावाची पट्टी ठोकली. लाकूड तेच, पण पट्टीमुळे गिऱ्हाईक आसनाबरोबर इतिहासही विकत घेई. चतुराई म्हणा, मला त्यात थोडा प्रामाणिकपणाही दिसतो.

६/ १८९७ साल मात्र विलक्षण. नेल्सनचे एके काळचे ध्वजजहाज 'फुद्रॉयंट' व्हीटली कॉब यांनी भंगारातून सोडवले होते. १६ जून रोजी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते रुतले आणि पुढे फुटले. त्याच्या ओकचे फर्निचर झाले, तांब्याची पदके झाली, आणि नेल्सनच्या नावावर ती विकली गेली.

७/ त्याच वर्षी नौदलाने 'ट्रिंकोमाली' भंगारवाल्याला विकली होती. कॉबनी ती विकत घेतली आणि तिला 'फुद्रॉयंट' हेच नाव दिले. इंग्रजी ओकच्या खुर्च्या झाल्या. मुंबईचा साग तरंगत राहिला, पण परक्या नावाने. मूळ नाव तिला विसाव्या शतकाच्या अखेरीस परत मिळाले.

८/ 'गँजेस' १९३० मध्ये प्लिमथला मोडली. तिच्या कप्तानाची खोली डेव्हनमधल्या बर्ग आयलंड हॉटेलात बसवलेली आहे.

९/ कोकणात जुनी घरे उतरवली जातात तेव्हा सागाचे खांब, फणसाच्या चौकटी, तुळया टेम्पोत भरून जातात. त्या कोणत्या वाडीतल्या, कोणाच्या ओटीवरच्या, हे कोणी लिहून ठेवत नाही. पट्टीवर काय कोरायचे हे मग पुढच्या सुताराला तरी कसे कळणार? वेळणेश्वरच्या त्या बाकावर पॅलेटचा मूळ शिक्का तेवढा राखला होता. मी किंमत न घासता ते घेतले.

१०/ 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ब्रिटनमधली अजून तरंगणारी सर्वांत जुनी युद्धनौका ती, मुंबईत बांधलेली.