सातपुड्यातला सामायिक टॉवर

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, तेव्हा देशात मोबाईल सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. शहादा तालुक्यातील तापीकाठच्या सपाटीवर एका टॉवरची रेंज दूरवर पोचते. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत मात्र सातपुड्याच्या डोंगररांगा लहरी अडवतात आणि पाडे विखुरलेले असतात. टॉवर जास्त लागतात, ग्राहक थोडे मिळतात.

सुरुवातीला प्रत्येक कंपनी टॉवर स्वतःचाच उभारी. पायथ्याशी यंत्रांचे शेल्टर, त्यात एसी, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि बाहेर डिझेल जनरेटर. १५ केव्हीएचा जनरेटर तासाला सुमारे दोन लिटर डिझेल पितो. एका कंपनीच्या यंत्रांचा भार त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी असल्याने प्रत्येक युनिट विजेला इंधन जास्त जळते. दुसऱ्या कंपनीने त्याच टॉवरवर अँटेना बसवली, तर भार वाढतो, पण डिझेल दुप्पट लागत नाही. सामायिक टॉवरवर डिझेलची बचत होते ती इथे.

२००७ मध्ये सार्वत्रिक सेवा निधीतून ग्रामीण भागासाठी सात हजारांहून अधिक टॉवरची योजना निघाली. प्रत्येक टॉवर तीन कंपन्यांना पुरेल असा बांधायचा होता. त्याच वर्षी भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स स्थापन केली. २००८ मध्ये टॉवर सामायिक वापरण्याबाबत दूरसंचार विभागाचे नियम आले. या सर्वांमागे मुख्य हिशेब भांडवलाचा होता. डिझेलकडे सरकारचे लक्ष नंतर गेले. २०१५ पर्यंत निम्मे ग्रामीण टॉवर संमिश्र ऊर्जेवर (अक्षय ऊर्जा आणि ग्रीडची वीज) चालवावेत, असा आदेश २०१२ मध्ये निघाला.

दरम्यान रेंज हा केवळ बोलण्यापुरता प्रश्न उरला नाही. आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावात झाली. पुढे रेशन दुकानात अंगठा जुळवायलाही नेटवर्क लागू लागले. टॉवरचे डिझेल संपले की धान्य अडते, आणि ही झळ सर्वांत गरिबाला बसते.

टॉवर एक झाला तरी रेडिओ यंत्रे वेगळीच राहिली. मध्यरात्री कोणी फोन करत नसतानाही तिन्ही कंपन्यांची यंत्रे वीज खात. यातून वाट निघाली ती सरकारी योजनांमुळे. नंदुरबार २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या अशा जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी फोर-जी योजना मंजूर झाली. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या फोर-जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओचे ग्राहक एकमेकांचे नेटवर्क वापरू शकतात. अशा ठिकाणी तिघांसाठी एकच रेडिओ पुरतो.