लाल गोळ्याचा रस्ता

१९४४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी फौजेची अडचण जर्मन तोफांपेक्षा स्वतःच्या वेगाने जास्त केली. नॉर्मंडीत सात आठवडे रखडलेली फौज कोंडी फुटताच अशी सुसाट निघाली, की जनरल पॅटनच्या रणगाड्यांना पेट्रोल पुरेना. रेल्वेने पाठवावं तर रूळ, पूल, यार्डं सगळं उद्ध्वस्त. ते उद्ध्वस्त केलं होतं दोस्तांच्याच विमानांनी, जर्मनांची कुमक अडवण्यासाठी!

उरले ट्रक. २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्सप्रेस’ सुरू झाली. नाव अमेरिकी रेल्वेतलं. तिथे तातडीच्या मालाला लाल गोळ्याची खूण असे. सां-लो ते शार्त्र असा जाण्याचा एक रस्ता, परतीचा दुसरा, आणि दोन्हींवर इतर वाहनांना मज्जाव. पाचव्याच दिवशी ५,९५८ गाड्यांनी १२,३४२ टन माल पोचवला.

नियम कडक होते. ताशी २५ मैलांच्या वर जायचं नाही, दोन गाड्यांत साठ यार्ड अंतर ठेवायचं, एकट्याने निघायचं नाही. ते पाळले असते तर पॅटन बहुधा वाटेतच बसून राहिला असता. ड्रायव्हरांनी इंजिनाचा वेग बांधून ठेवणारे गव्हर्नर काढून टाकले. रात्री मांजराच्या डोळ्यांएवढ्या मिणमिणत्या दिव्यांवर ते गाडी हाकत. एका गाडीवर दोघे. एकाला पेंग आली की काही जण चालत्या गाडीतच जागा बदलत. मागे दारूगोळा, नाहीतर पेट्रोलचे कॅन. रोज तीन लाख गॅलन पेट्रोल तर या गाड्याच पिऊन टाकत.

या ड्रायव्हरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्यामागे कौतुक नव्हतं. फौजेत तेव्हा रंगानुसार वेगळ्या पलटणी असत आणि कृष्णवर्णीयांपैकी बहुतेकांच्या वाट्याला बंदुकीऐवजी ओझी, फावडी आणि स्टिअरिंग येई. वरिष्ठांच्या लेखी ट्रक चालवणं ही हमालीच होती. पुढे १९५२मध्ये याच नावाचा हॉलिवूडपट आला. त्यात सिडनी पॉइटिए होता खरा, पण नायक गोरा.

१६ नोव्हेंबरला, ८३ दिवसांनी, हा मार्ग बंद झाला. एकूण माल चार लाख टनांहून अधिक.

युद्ध संपल्यावर चित्र उलटं झालं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८मध्ये फौजेत समान वागणुकीचा आदेश काढला. १९५४पर्यंत शेवटची वेगळी पलटणही मोडली गेली. पण मुलकी जगात लांब पल्ल्याचा ट्रक ही चांगल्या पगाराची, ऐटीची नोकरी होती. म्हणजे फौजेत जे काम कृष्णवर्णीयांच्या माथी मारलं, तेच घरी आल्यावर त्यांच्या हाती पडेना. शहरातल्या शहरात माल पोचवा, गोदामात राबा, पण राज्याराज्यांतून धावणारी गाडी मागू नका.

याचा हिशेब पुढे न्यायालयात लिहिला गेला. टाइम-डीसी या मालवाहतूक कंपनीवर सरकारने खटला भरला. १९७१च्या मार्चअखेर तिच्याकडे लांब पल्ल्याचे १,८२८ ड्रायव्हर होते. त्यांत कृष्णवर्णीय आठ, आणि ते आठही खटला सुरू झाल्यावर घेतलेले. शिकागोतला एक अपवाद वगळता १९६९पर्यंत त्या कंपनीने या कामावर नियमित असा एकही कृष्णवर्णीय ड्रायव्हर घेतला नव्हता.

टीमस्टर्स या कामगार संघटनेशी झालेल्या करारातली मेखही नामी होती. शहरातला ड्रायव्हर लांबच्या गाडीवर गेला, तर त्या कामापुरती त्याची ज्येष्ठता शून्यावर येई. वीस वर्षं घासलेला माणूस यादीच्या तळाशी, आणि कपात आली की पहिला बाहेर. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला भेदभावाबद्दल दोषी धरलं, पण ज्येष्ठतेचा नियम बेकायदा नाही असं म्हटलं. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांना हा भाग पटला नाही. ज्यांच्यावर अन्याय सिद्ध होईल त्यांना ज्येष्ठता मागील तारखेपासून मिळणार होती, मात्र नागरी हक्क कायद्याचं नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचं कलम लागू झालं त्या २ जुलै १९६५च्या मागे नाही. फ्रान्सहून परतून १९४६मध्ये एखाद्या कंपनीच्या दारातून माघारी गेलेल्या ड्रायव्हरचा नकार त्या तारखेआधीचा होता.